बाद फेरीचा विस्तार आणि विजेतेपदाचा निवाडा

ज्या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांमध्ये झाला, ज्याच्या काही क्रीडांगणांत हंगामातल्या शनिवारी एक लाखाहून अधिक माणसे खेटून बसतात, आणि ज्याच्या जयपराजयावर अनेक कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांचा अभिमान पोसला गेला आहे, त्या अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलला आपला राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरविण्याची रीतसर व्यवस्था सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नव्हती, ही गोष्ट परक्या वाचकास सहजासहजी खरी वाटत नाही. विजेता कोण हे मतांनी ठरे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांची मते मागवून संघांची क्रमवारी दर आठवड्यास प्रसिद्ध करू लागली. १९५० पासून प्रशिक्षकांचे निराळे मतदान सुरू झाले. आणि या दोन दप्तरांत वर्षाअखेर दोन निराळी नावे नोंदली गेली, की दोन्ही विद्यापीठे स्वतःस राष्ट्रीय विजेते म्हणवून घेत आणि त्यावर दाद मागण्याचे ठिकाण कोठेही नसे.

या स्थितीचे मूळ बहुतांशी खेळाच्या स्वरूपातच आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावणाऱ्यास अंगाने धडक देऊन पाडावयाचे, हा या खेळाचा गाभा असल्यामुळे खेळाडूंच्या देहाची त्यात इतकी झीज होते, की एका संघास आठवड्यातून एकाहून अधिक सामना खेळणे शक्य नसते, आणि म्हणून साऱ्या हंगामात मिळून बारा-तेरा सामन्यांपलीकडे सहसा कोणी जात नसे. वरच्या श्रेणीतले संघ मात्र आज एकशे तीसहून अधिक आहेत. ते कॉन्फरन्स नावाच्या प्रादेशिक संघटनांत विभागलेले असल्याने बहुतेक सामने आपसांतच होतात, आणि देशाच्या एका टोकाचा अपराजित संघ दुसऱ्या टोकाच्या अपराजित संघास एकदाही न भेटता हंगाम संपवू शकतो. ज्यांची गाठच पडली नाही त्यांतला श्रेष्ठ कोण, हे शेवटी कोणाच्या तरी मतावरच सोडावे लागते.

त्यात भर पडली ती बोल सामन्यांच्या वहिवाटीची. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना नगरीत १९०२ साली पहिला रोझ बोल खेळला गेला, १९१६ पासून तो दरवर्षीचा झाला, आणि नववर्षदिनी ऊबदार हवेत पाहुण्यांची गर्दी खेचणाऱ्या या उत्सवाचे यश पाहून मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि डॅलस या नगरांनी १९३५ ते १९३७ या काळात अनुक्रमे ऑरेंज, शुगर आणि कॉटन बोल सुरू केले. हे सामने कोण्या स्पर्धेची फेरी नव्हते. ते स्वतःच हंगामाचे पारितोषिक होते. १९४७ पासून रोझ बोलचा करारनामा बिग टेन आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील अशा दोन कॉन्फरन्सांशी झालेला असल्यामुळे बिग टेनचा विजेता पॅसाडेनाला जाणार हे ठरलेले असे, मग त्याचा खरा प्रतिस्पर्धी त्या दिवशी भलत्याच नगरीत खेळत असला तरी. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का हे दोन्ही संघ अपराजित राहिले. एक रोझ बोलला गेला, दुसरा ऑरेंज बोलला. पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला विजेते ठरविले, आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

१९९८ पासून बोल चँपियनशिप सिरीज नावाच्या व्यवस्थेने मतदान आणि संगणकाची गणिते यांची सांगड घालून दोनच संघ निवडण्यास आरंभ केला. दोन जागा आणि तीन हकदार, असा प्रसंग तिच्या काळात वारंवार आला. २००४ साली ऑबर्न संघ एकही सामना न हरता बाहेर राहिला. २००८ साली युटा संघाने सर्व सामने जिंकून वर शुगर बोलमध्ये बलाढ्य अलाबामाला ३१–१७ असे नमविले, तरी तो लहान कॉन्फरन्सचा म्हणून अंतिम सामन्याच्या विचारातही आला नाही, आणि पुढच्या वर्षी हा मामला अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीपुढे सुनावणीस गेला. शेवटी २०१४ पासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली. ते चार संघ तेरा सदस्यांची निवड समिती निवडू लागली, आणि पहिल्याच वर्षी चौथ्या मानांकनाच्या ओहायो स्टेटने अंतिम सामन्यात ओरेगनचा ४२–२० असा पराभव केला. जुन्या व्यवस्थेत जो संघ अंतिम सामन्याच्या दाराशीही पोहोचला नसता तोच देशात सर्वांत बलवान निघाला, यावरून आधीच्या किती वर्षांचे निवाडे चुकले असतील हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

चारांची व्यवस्था दहा वर्षे चालली, आणि तिच्यातला अन्यायही हळूहळू उघडा पडत गेला. २०१७ साली सेंट्रल फ्लोरिडा संघ तोवरचे सर्व सामने जिंकूनही बाहेर राहिला. लहान कॉन्फरन्सांतल्या संघास त्या दहा वर्षांत एकदाच, २०२१ साली, सिनसिनाटीच्या रूपाने प्रवेश मिळाला. परंतु या व्यवस्थेची परीक्षा खऱ्या अर्थाने झाली ती २०२३ च्या डिसेंबरात. फ्लोरिडा स्टेट हा संघ आपल्या मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता होता, तेरा सामन्यांत तो एकदाही हरला नव्हता; मात्र त्याच्या चढाईची सूत्रे हलविणारा प्रमुख खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, नोव्हेंबरमध्ये पायाला जबर दुखापत होऊन निकामी झाला होता. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीइतका समर्थ राहिलेला नाही, असे मत समितीने नोंदविले आणि एकेक सामना हरलेल्या टेक्सस व अलाबामा यांना आत घेतले. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा भविष्याविषयीच्या अनुमानास अधिक वजन देणारा हा फैसला होता, आणि माझ्या मते या खेळाच्या कारभारात त्याहून अनुचित निर्णय क्वचितच झाला असेल. मनोभंग झालेल्या त्या संघातील वीसहून अधिक खेळाडू पुढच्या ऑरेंज बोलमध्ये मैदानात उतरलेच नाहीत, आणि जॉर्जियाने उरलेल्यांचा ६३–३ असा धुव्वा उडविला. त्या वेळी विस्ताराचा ठराव मंजूर झालेला होता. तो अमलात येण्यास एका वर्षाचाच अवधी होता.

हा विस्तारही सरळपणे झाला नाही. बारा संघांची योजना जून २०२१ मध्ये पुढे आली, पण पुढच्याच महिन्यात टेक्सस आणि ओक्लाहोमा ही दोन मातबर विद्यापीठे आपली कॉन्फरन्स सोडून साउथईस्टर्न कॉन्फरन्सकडे निघाल्याची वार्ता फुटली, परस्परांवरचा विश्वास उडाला, आणि वर्षभर मसलती होऊनही एकमत होईना. अखेर विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या मंडळाने २ सप्टेंबर २०२२ रोजी निर्णय आपल्या हाती घेऊन योजना मंजूर केली. तिची रचना अशी: कॉन्फरन्सांच्या विजेत्यांपैकी क्रमवारीत वरच्या पाचांस प्रवेश हक्काने मिळावा, उरलेल्या सात जागा समितीने द्याव्यात, पहिल्या चार मानांकित संघांस पहिल्या फेरीत पुढे चाल असावी, पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या संघांनी पहिला सामना आपल्याच विद्यापीठाच्या क्रीडांगणावर खेळावा, आणि त्यानंतरच्या फेऱ्या जुन्या बोल सामन्यांतून पार पडाव्यात. मूळ योजनेत हक्काच्या जागा सहा होत्या. मधल्या काळात एक मोठी कॉन्फरन्सच मोडून पडल्याने त्या पाच करण्यात आल्या.

विस्ताराचा सर्वांत आनंददायक परिणाम म्हणजे डिसेंबरातले हे घरच्या मैदानावरचे सामने. तोवर या खेळातला निर्णायक सामना बहुधा दक्षिणेकडच्या किंवा कॅलिफोर्नियातल्या ऊबदार हवेत, अर्ध्या परक्या प्रेक्षकांपुढे, पर्यटनाचा भाग म्हणून होत असे. २० आणि २१ डिसेंबर २०२४ रोजी साउथ बेंड, स्टेट कॉलेज, ऑस्टिन आणि कोलंबस या विद्यापीठनगरांत ते सामने झाले. उत्तरेकडच्या नगरांत गोठविणाऱ्या थंडीत विद्यार्थी, जुने पदवीधर आणि गावकरी एकत्र उभे राहिले. आणि ज्या दुकानांचा, खाणावळींचा व्यवहार शरद ऋतूतल्या सहा-सात शनिवारांवर चालतो त्यांच्या पदरात एक जादा शनिवार पडला. चारही सामने यजमानांनीच जिंकले, आणि एकही चुरशीचा झाला नाही, हे खरे. इंडियाना दहा गुणांनी, सदर्न मेथडिस्ट अठ्ठावीस गुणांनी हरले. म्हणून बारा संघ फार झाले, अशी ओरड तत्काळ उठली. परंतु पुढच्याच वर्षी अलाबामाने ओक्लाहोमात आणि मायामीने टेक्ससमधील ए अँड एम विद्यापीठात जाऊन यजमानांस हरविले, तेव्हा त्या ओरडीस उत्तर मिळाले. महाराष्ट्रातून उच्चशिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींपैकी पुष्कळजण याच विद्यापीठनगरांत राहतात, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपत्रापुरते ज्या संस्थेचे नाव आपल्या घरात ठाऊक असते, त्या संस्थेच्या गावाचा प्राण अशा शनिवारी कोठे एकवटलेला असतो, हे त्यांना चांगले माहीत असते.

पुढे चाल मिळालेल्या संघांची कथा याहून विचारप्रवर्तक आहे. २०२४ च्या नियमाप्रमाणे पहिली चार मानांकने केवळ कॉन्फरन्सच्या विजेत्यांसच मिळावयाची होती, आणि त्यामुळे क्रमवारीत नववी असलेली बॉइझी स्टेट तिसरी आणि बारावी असलेली ऍरिझोना स्टेट चौथी मानांकित ठरली. ही विसंगती पाहून मे २०२५ मध्ये नियम बदलला व मानांकन सरळ क्रमवारीनुसार देण्याचे ठरले. पण निकाल फारसे बदलले नाहीत. पहिल्या वर्षी पुढे चाल मिळालेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीतच हरले, दुसऱ्या वर्षी चारांपैकी एकटा इंडियाना जिंकला. तीन आठवड्यांहून अधिक विश्रांतीने खेळाडूंचे अंग बरे होत असले तरी सामन्याची लय तुटते. शिवाय ज्यांनी हंगामभर उत्तम खेळ केला त्यांनाच घरच्या प्रेक्षकांपुढे बाद फेरीचा एकही सामना खेळावयास मिळत नाही. गुणवत्तेचे बक्षीस म्हणून जे दिले ते बक्षीस ठरत नाही, हा या रचनेतला दोष आहे.

आता नियमित हंगामाचे काय झाले ते पाहू. विस्ताराच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप हा होता, की या खेळात प्रत्येक शनिवार हाच निर्वाणीचा असतो, एक पराभव म्हणजे वर्ष वाया, आणि बारा संघ घेतल्यास ही तीव्रता नाहीशी होईल. या आक्षेपात तथ्य आहे. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचे वैर १८९७ पासूनचे. नोव्हेंबरअखेर होणारा त्यांचा सामना हा त्या दोन राज्यांत वर्षाचा सर्वांत गंभीर दिवस मानला जातो. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी क्रमवारीत नाव नसलेल्या मिशिगनने कोलंबस येथे ओहायो स्टेटला १३–१० असे हरविले. पूर्वी या एका पराभवाने ओहायोचा हंगाम संपला असता. पण ओहायो स्टेट आठवे मानांकन घेऊन बाद फेरीत उतरली, तिने टेनेसी, ओरेगन आणि टेक्सस यांना ओळीने नमविले, आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे नोटर डेमचा ३४–२३ असा पराभव करून ती राष्ट्रीय विजेती झाली. शत्रूकडून घरच्या मैदानावर हार पत्करलेला संघ सात आठवड्यांनी देशाचे अजिंक्यपद मिरवितो, तेव्हा त्या जुन्या वैराचे मोल कमी झाले असे वाटणाऱ्यास मी दोष देणार नाही.

तरीही दुसऱ्या बाजूची प्राप्ती मला अधिक मोलाची वाटते. पूर्वी ऑक्टोबर संपेपर्यंत दहा-बारा संघांखेरीज सर्वांचा राष्ट्रीय स्पर्धेतला अर्थ संपलेला असे. २०२४ च्या हंगामाआधी ज्या ऍरिझोना स्टेटला सोळा संघांच्या कॉन्फरन्समध्ये सोळावे स्थान भाकीत केले गेले होते, तिने ती कॉन्फरन्स जिंकली आणि पीच बोलमध्ये टेक्ससला दोन जादा डावांपर्यंत झुंजविले. इंडियानाची गोष्ट तर याहून अद्भुत. या खेळात सर्वाधिक पराभव पचविलेल्या संस्थांत जिची गणना होई आणि जी २०२३ साली बारापैकी नऊ सामने हरली, तिने कर्ट सिग्नेटी या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुढच्याच वर्षी बाद फेरी गाठली, आणि त्यापुढच्या वर्षी सोळापैकी सोळा सामने जिंकून, जानेवारी २०२६ मध्ये मायामीला त्याच्याच नगरीत २७–२१ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. अपराजित इंडियाना २०२५ साली चारांच्या व्यवस्थेतही आत आलीच असती. पण तिचा अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी मायामी हा दहावा मानांकित होता, आणि त्याला ते दार केवळ विस्तारानेच उघडले.

मायामीच्या त्या दहाव्या जागेवरून जे रण माजले त्यावरून मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली, की पंगतीत पाने कितीही वाढवली तरी शेवटच्या पानाशी उभा राहणारा नाराज होणारच. निवडीच्या आदल्या आठवड्यापर्यंत नोटर डेम मायामीच्या वर होता. शेवटच्या आठवड्यात दोघेही खेळले नाहीत. तरी समितीने क्रम उलटविला, कारण हंगामाच्या आरंभी मायामीने नोटर डेमला २७–२४ असे हरविले होते. निर्णय योग्य होता, पण तो तीन महिन्यांनी सुचावा हे योग्य नव्हते. क्षुब्ध झालेल्या नोटर डेमने कोणताही बोल सामना खेळण्यास नकार दिला. त्याच निवडीत, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८–७ असा सपाटून मार खाल्लेल्या अलाबामाला प्रवेश मिळाला, आणि तसाच सामना टेक्सस टेककडून हरलेल्या, परंतु एकंदर कमी पराभव असलेल्या ब्रिगम यंगला नाकारला गेला. मतावरून होणारा निवाडा मैदानावर नेण्यासाठी हा सारा खटाटोप होता. प्रत्यक्षात अजिंक्यपदाचा निवाडा मैदानावर गेला, पण प्रवेशाचा निवाडा समितीच्या खोलीतच राहिला. तरीसुद्धा दोन अन्यायांत प्रतवारी असते: अपराजित फ्लोरिडा स्टेटला वगळणे आणि दोन सामने हरलेल्या नोटर डेमला वगळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

बोल सामन्यांची मात्र या विस्ताराने फार हानी केली. व्यावसायिक कारकीर्द धोक्यात येऊ नये म्हणून नामवंत खेळाडूंनी बोल सामना टाळण्याचा प्रघात २०१६ पासूनच पडला होता. आता बाद फेरीबाहेरचे सामने निव्वळ उपचार होऊन बसले आहेत. रोझ बोलही आपला जुना अर्थ हरवून बसला. १ जानेवारी २०२५ रोजी तेथे ओहायो स्टेट आणि ओरेगन खेळले. ओरेगन तोवर बिग टेनमध्ये गेलेला असल्यामुळे जो सामना पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रदेशांतला होता तो एकाच कॉन्फरन्सचा घरगुती सामना झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरची ती जुनी कॉन्फरन्स, जिची स्थापना १९१५ साली झाली होती, २०२४ च्या उन्हाळ्यात दहा विद्यापीठे सोडून गेल्याने ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघांपुरती उरली. याचे मुख्य कारण दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणहक्कांचा पैसा हेच होते, बाद फेरी नव्हे; परंतु ज्या कॉन्फरन्सला अधिक जागा मिळतील तिच्याकडे धाव घेण्याची वृत्ती विस्ताराने बळावली हेही नाकारता येत नाही.

पैशाचे आकडे पाहिले म्हणजे हे अधिक ध्यानात येते. बाद फेरीत प्रवेश मिळताच संघाच्या कॉन्फरन्सला चाळीस लाख डॉलर, उपांत्यपूर्व फेरीस आणखी चाळीस लाख, मग उपांत्य आणि अंतिम फेरीस प्रत्येकी साठ लाख, असा २०२४ चा हिशेब होता. २०२६ पासून सहा वर्षांसाठी ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी झालेला करार सुमारे ७८० कोटी डॉलरांचा आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा बिग टेन आणि साउथईस्टर्न या दोनच कॉन्फरन्सांकडे जावयाचा आहे.

खेळाडूंवर पडलेला भार हा या विषयातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. २०२४ ची ओहायो स्टेट आणि २०२५ ची इंडियाना या दोघांनीही सोळा सामने खेळले. सतरा सामन्यांचा नियमित हंगाम खेळणाऱ्या प्रौढ, व्यावसायिक खेळाडूंच्या हे जवळजवळ बरोबरीचे झाले. २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येतो, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठास पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत त्यांना वाटण्याची मुभा मिळाली. ही भरपाई उशिरा आली, पण आली. हंगामाचे वेळापत्रक मात्र तसेच विस्कळीत राहिले. पहिल्या वर्षी विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी ठरविलेली मुदत नेमकी बाद फेरीच्या पहिल्या सामन्यांच्या काळात पडली, आणि राखीव खेळाडूंना संघासोबत राहावे की पुढच्या वर्षाची सोय पाहावी असा पेच पडला. पुढे ती मुदत जानेवारीत ढकलली, तरी तेव्हाही चार संघ खेळतच होते. प्रशिक्षकांचे तेच. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस मिसिसिपी विद्यापीठाचे प्रशिक्षक लेन किफिन हे बाद फेरीच्या तोंडावर संघ सोडून लुइझियाना स्टेटकडे गेले, आणि त्या मुलांनी नव्या प्रमुखाच्या हाताखाली उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. पहिल्या दोन्ही वर्षी अंतिम सामना जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी झाला, तेव्हा अनेक विद्यापीठांत नव्या सत्राचे वर्ग सुरू झालेले होते.

आता सोळा किंवा चोवीस संघांची भाषा चालू आहे. २०२६ पासून रचनेविषयीचा निर्णायक अधिकार व्यवहारतः बिग टेन आणि साउथईस्टर्न यांच्या हाती आलेला असून त्यांचे आपसांत न जमल्यामुळेच २०२६ चा हंगामही बारांवरच ठेवण्यात आला. मध्यंतरी या दोन कॉन्फरन्सांस प्रत्येकी चार जागा आधीच राखून ठेवाव्यात असा प्रस्ताव होता. त्यास माझा पूर्ण विरोध आहे, कारण मैदानावर कमावण्याची जागा त्यायोगे वतन होऊन बसेल, आणि युटाने आणि सेंट्रल फ्लोरिडाने ज्याविरुद्ध तक्रार केली तोच प्रकार नव्या नावाने परत येईल. संख्या बारांवर स्थिर ठेवावी; कॉन्फरन्सच्या पाच विजेत्यांचा हक्क अबाधित राखावा; उपांत्यपूर्व सामने पहिल्या चार मानांकित संघांच्या स्वतःच्या क्रीडांगणांवर भरवावेत; आणि हंगाम ऑगस्टमध्ये आठवडाभर आधी सुरू करून अंतिम सामना जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावा, म्हणजे बदलीची मुदत त्यानंतर ठेवता येईल आणि खेळाडूंना सत्राच्या पहिल्या दिवसापासून वर्गात बसता येईल.